शेंगांना भोकं पडून राह्यली, बाकीच्या खायच्या का?

बेसावाला: नमस्कार मंडळी, जूनमध्ये हिंगण्याहून मामाकडच्या उन्हाळी भुईमुगाच्या दोन पोते शेंगा आणल्या, मागच्या खोलीत बारदान्यातच ठेवल्या. काल आईनं चटणीसाठी काढल्या तर कित्येक शेंगांना गोल भोकं, बाजरीचा दाणा सहज आत जाईल एवढी, आतून दाणा पोखरलेला. पोत्याच्या शिवणीला कागदासारखे पांढरट कोष चिकटलेत. उन्हात टाकाव्या तर पाऊस उघडत नाही, दुकानदार म्हणे गोळी टाका. टाकू का?

काटोलचा_शेतकरी: भाऊ, गोळी घरात अजिबात नाही!! तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो, झोपेतली माणसं जातात त्यानं. ते परवानावाल्यांचं काम.
हा चिंचेचा भुंगा दिसते. तांबडा भुंगा, तांदळातला पतंग हे फुटक्या शेंगेत नाहीतर सोललेल्या दाण्यात शिरतात, हा मात्र अख्ख्या शेंगेवर अंडी चिकटवतो आणि अळी तिथूनच टरफल पोखरून आत जाते, म्हणून वरून काही कळतच नाही. भोक दिसलं म्हणजे अळी जेवून बाहेर पडली, अन् ते कोष तिचेच. खोलीत चिंच आहे का?

बेसावाला: हो ना काका, न फोडलेल्या चिंचेची टोपली शेजारीच आहे!

काटोलचा_शेतकरी: मग बहुतेक तिथूनच आले. टोपली आजच हलवा, कोष जाळा, बारदाना उकळत्या पाण्यात टाका.

महालची_ताई: किड्यापेक्षा मला बुरशीची भीती वाटते. भोकातून ओल आत जाते, दाण्यावर हिरवट-पिवळट फुई धरते, त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष लिव्हरला वाईट आणि भाजून पूर्ण जात नाही. असे दाणे, सुरकुतलेले, काळे पडलेले, खवट लागणारे सगळे फेका, गाईलाही घालू नका, दुधात उतरते. भोकाच्या शेंगा वेगळ्या काढा, चांगल्या वाटतात त्या सोलून दाणा न् दाणा बघा, पंख्याखाली वाळवा. दाण्यात ओलावा 7 टक्क्यांच्या वर नको, घरी मोजायला यंत्र नसते पण दाणा कटकन तुटला पाहिजे, वाकला तर ओला आहे. मग घट्ट झाकणाच्या डब्यात. ओले दाणे मात्र डब्यात कोंडू नका, आतच बुरशी येते.

बेसावाला: ताई, एक पोतं आत्ताच पलंगावर ओतलं, आई न् मी निवडून राह्यलो. पाव पोतं तरी जाईल असं दिसते. चांगले दाणे चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवले तर चालते का, उरलीसुरली अळी मरायला?

महालची_ताई: चालते, पण कोरडे करून, घट्ट बांधलेल्या पिशवीत. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पाणी सुटते.