११७ व्या मिनिटाचा कॉर्नर: बेंगळुरू-गोवा २०१९ ची फायनल पोरांना दाखवायची आहे

शहापूरचा_राईटबॅक

नमस्कार मंडळी. मंडळाच्या हॉलमध्ये सोळा वर्षांखालच्या पोरांना एखादी जुनी फायनल पडद्यावर दाखवायचं ठरलंय. बहुतेकांचं मत १७ मार्च २०१९ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनलला आहे. चोर्ला घाट उतरलं की गोवा, हायवेला लागलं की बेंगळुरू. त्यामुळे बेळगावात दोन्ही टीमांची माणसं आहेत आणि त्या सामन्याचा विषय अजून निघतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पूर्ण १२० मिनिटं पोरं बसणार नाहीत, मग कुठला भाग दाखवावा? बेंगळुरूच्या राहुल भेकेने ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर मारून सामना १-० जिंकून दिला, तो हेडर नुसता नशिबाचा होता की त्याच्यामागं काही होतं, हे कसं समजवायचं? आणि तसा कॉर्नर आपल्या लाल मातीच्या मैदानावर बसवायचा तर सराव कसा घ्यायचा? बेंगळुरूचं ते पहिलं विजेतेपद होतं, तेवढं सुरुवातीला सांगेन म्हणतो. अजून काय सांगावं?

खानापूर_लाईनमन

दादा, पहिलं विजेतेपद म्हणू नका, पोरं शोधून काढतील. बेंगळुरू एफसीने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशाची मुख्य लीग, दोनदा जिंकली होती, २०१४ आणि २०१६ ला. २०१४ चं जेतेपद तर गोव्यातच, फातोर्डा स्टेडियमवर गोव्याच्याच डेम्पो क्लबला ४-२ हरवून पक्कं झालं, आणि तो त्या क्लबचा पहिलाच मोसम होता. २०१९ चं म्हणजे पहिलं *आयएसएल* विजेतेपद.

सुरुवातीला पॉइंट टेबल मात्र जरूर सांगा, त्याशिवाय सामन्याची धार कळत नाही. साखळीत दहा टीम, प्रत्येकीचे १८ सामने. बेंगळुरू ३४ गुण, गोवा पण ३४ गुण. गोलफरक गोव्याचा चांगलाच सरस होता, तरी वर बेंगळुरू. कारण गुण सारखे झाले की आधी त्या दोघांतले सामने बघायचा नियम होता. ते दोन्ही बेंगळुरूने जिंकले होते, फातोर्ड्यावर २-१ आणि घरी ३-०. म्हणजे फायनलला समोर आले ते अख्ख्या मोसमातले सगळ्यात तुल्यबळ दोघे. त्याआधीच्या मोसमांत टेबलात पहिला आलेला संघ फायनल कधीच जिंकला नव्हता, हेही सांगा.

आणि मैदान होतं अंधेरीचं. तिथंच आठवडाभर आधी गोव्याने सेमीफायनलच्या पहिल्या लेगमध्ये मुंबई सिटीला ५-१ धुतलं होतं. गोव्याचा स्ट्रायकर कोरो, त्याचे त्या मोसमात १६ गोल. अशा टीमला १२० मिनिटं शून्यावर ठेवणं, हेच मला गोलपेक्षा मोठं वाटतं.

टिळकवाडी_दहा_नंबर

नशिबाचा प्रश्न विचारलात म्हणून सांगतो. तो सामना एकटा दाखवू नका, त्याच्याआधीचे दोन तुकडे जोडा. प्रत्येकी पाच मिनिटं पुरेत.

पहिला तुकडा ३१ मे २०१५, बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, आय-लीगचा शेवटचा सामना. मोहन बागानला बरोबरी पुरेशी, बेंगळुरूला जिंकणं भाग. ४१ व्या मिनिटाला जॉन जॉन्सनने बेंगळुरूला पुढं नेलं. ८७ व्या मिनिटाला सोनी नॉर्देचा कॉर्नर, बेलो रझाकचा हेडर, १-१. बागान ३९ गुण, बेंगळुरू ३७. तीन मिनिटं बाकी असताना एका कॉर्नरवर ट्रॉफी गेली.

दुसरा तुकडा १७ मार्च २०१८, पुन्हा कांतीरवा, आयएसएल फायनल. नवव्या मिनिटाला छेत्रीचा गोल, बेंगळुरू पुढं. मग १७ व्या आणि ४५ व्या मिनिटाला चेन्नईयनच्या मैल्सन आल्वेसने ग्रेगरी नेल्सनच्या कॉर्नरवर दोन हेडर मारले. शेवट चेन्नईयन ३-२.

आता तारीख बघा. १७ मार्च २०१८ ला कॉर्नरवर हरले आणि बरोबर वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर भेकेने मारलेल्या हेडरने जिंकले. कोच कार्लेस कुआद्रात २०१८ च्या पराभवाच्या वेळी असिस्टंट म्हणून तिथंच होता. जिथं टीम दोनदा मोडली ती जागा त्याच टीमने दुरुस्त केलेली दिसते. पोरांना हा धागा दाखवलात की नशिबाचा प्रश्न ती स्वतःच सोडवतील.

फायनलमधलं काय दाखवायचं: पहिली १५ मिनिटं, म्हणजे गोवा मागून पास करत कसं उभं राहतं ते कळेल. मग थेट १०० व्या मिनिटापासून शेवटपर्यंत, न तोडता. मधे हायलाइट लावू नका. हायलाइटमध्ये नुसता चेंडू दिसतो, रिकामी होत जाणारी जागा दिसत नाही.

फातोर्डा_पूर्व_स्टँड

गोव्याच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला पाहिजे, म्हणून लिहितो. तो सामना ११७ व्या मिनिटाला नाही, पहिलं जादा सत्र संपता संपता हातातून गेला. अहमद जाहूला दुसरं पिवळं मिळालं आणि तो बाहेर. जाहू म्हणजे गोव्याच्या मधल्या फळीचा कणा. सेंटरबॅककडून चेंडू घेऊन पुढं वाटणारा माणूस तोच. तो गेल्यावर चेंडू पायात राहीना. चेंडू राहिला नाही की समोरचा वर येतो, तो वर आला की क्लिअर करावं लागतं, आणि घाईत क्लिअर केलं की थ्रो-इन नाहीतर कॉर्नर. पोरांना हा क्रम उलटा लावून दाखवा: गोल, त्याच्याआधी कॉर्नर, त्याच्याआधी दाब, त्याच्याआधी रेड कार्ड. एका पिवळ्या कार्डावर असलेल्या मिडफिल्डरने १०० व्या मिनिटानंतर कुठं पाय घालायचा आणि कुठं नाही, यावर अर्धा तास बोलता येईल.

गोव्याच्या जखमेचं सांगायचं तर २०१५ ची फायनल याहून खोल आहे. २० डिसेंबर, फातोर्डा, ८७ व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल, गोवा २-१ ने पुढं. ९० व्या मिनिटाला गोव्याचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमनीचा स्वयंगोल, आणि दोन मिनिटांनी मेंडोझाने चेन्नईयनला ३-२ जिंकून दिलं. तोच कट्टीमनी २० मार्च २०२२ ला हैदराबादकडून, त्याच फातोर्ड्यावर, फायनलच्या शूटआउटमध्ये केरला ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवतो. निशू कुमारची तर दोनदा. पहिल्यांदा गोली रेषेच्या पुढं आला म्हणून परत मारायला लावली, तीही अडवली. तुमच्या गोली पोरांना हे दोन तुकडे पाठोपाठ दाखवा. गोलीच्या जातीला यापेक्षा मोठी हिंमत देणारं काही आपल्या देशाच्या फुटबॉलमध्ये मला माहीत नाही.

निपाणी_सेटपीस

सरावाचं मी सांगतो. भेकेचा गोल बघून लगेच पोरांना हेडरला उभं करू नका.

आधी वय. बारा वर्षांखालच्यांना हवेतला चेंडू डोक्याने मारायला लावूच नका. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडिंग काढलं, आणि १४ ते १६ च्या गटासाठी आठवड्यातून एकच सत्र, त्यात जास्तीत जास्त दहा हेडर, असं सांगितलं. तेवढंच पाळा. बाकीच्या वेळी धाव आणि जागा यांचा सराव चेंडू हाताने झेलून घ्या. पोरगा उडी मारून कपाळासमोर चेंडू पकडतो, टायमिंग तेच बसतं.

चेंडू पाच नंबरचा. नियमात वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि हवा ०.६ ते १.१ वातावरण दाब इतकी. सरावाला खालच्या टोकाला ठेवा, ०.६-०.७. आपल्याकडे जून ते सप्टेंबर शिवणीचा जुना चेंडू पाणी पितो आणि वजन नियमाच्या बाहेर जातं, मान दुखायला लागते. पावसात असा चेंडू हेडरला वापरूच नका.

आता मारणारा. पोरं चेंडू कॉर्नरच्या कमानीच्या मधोमध ठेवतात आणि मग झेंड्याच्या काठीमुळे धाव अडते. चेंडूचा थोडा भाग जरी कमानीच्या रेषेवर आला तरी चालतो, म्हणून बाहेरच्या कडेला ठेवायचा. लाल मातीत टेकणारा पाय घसरतो. चार-पाच पावलांची धाव न घेता दोन-तीनच घ्या, आणि मारायच्या आधी ती जागा पायाने दाबून घट्ट करा. टेकणारा पाय चेंडूच्या फार मागं पडला की चेंडू उंच जाऊन गोलीच्या हातात बसतो. निशाणा सहा यार्डांची रेषा आणि पेनल्टी स्पॉट यांच्या मधला पट्टा, म्हणजे गोलपासून साडेपाच ते अकरा मीटर. तिथं चुन्याने एक चौकोन आखा. दहातले सहा त्यात पडेपर्यंत धावणारे पोर उभंच करू नका.

धावणारा बॉक्सच्या कडेपासून सुटतो. मारणाऱ्याचा शेवटून दुसरा पाय पडला की सुटायचं, आधी नाही. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथंच: पोरगा लवकर येतो, चेंडूखाली उभा राहतो आणि जागेवरून उडी मारतो. जागेवरच्या उडीत जोर नसतो, चेंडू वरून जातो. उशिरा निघून चेंडूवर चालून जायचं, डोळे उघडे, मान ताठ, संपर्क केसांच्या रेषेच्या लगेच खाली.

एक जण जवळच्या खांबाकडे खोटी धाव घेतो, एक गोलीसमोर. कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नसतो, म्हणून गोलीसमोर उभं राहता येतं; मात्र त्याने हात लावला किंवा गोलीला हलू दिलं नाही तर फाऊल. आणि चेंडूला पुन्हा आपल्यातल्या कुणाचा स्पर्श झाला की ऑफसाईड परत लागू होतो, तेव्हा तिथून लगेच बाहेर पडायला शिकवा. हाफ लाईनवर दोघं मागं ठेवा, नाहीतर उलटा गोल बसतो.

शहापूरचा_राईटबॅक

मनापासून आभार सगळ्यांचे. खानापूरकर, चूक सुधारून घेतली. निपाणी सर, अजून एकच: दहा जणांनी कॉर्नर अडवायचा तर मांडणी कशी? गोव्याच्या जागी पोरांना उभं करून बघावं म्हणतो.

निपाणी_सेटपीस

जरूर करा, त्याशिवाय समजत नाही. अकरा असताना साधारण अशी मांडणी असते: सहा यार्डांच्या रेषेवर चार जण जागा धरून, चार जण माणूस धरून, एक बॉक्सच्या तोंडावर, एक पुढं, आणि गोली. एक कमी झाला की पहिला मोह होतो पुढचा माणूस मागं आणायचा. तसं केलं की समोरच्यांचे मागं थांबलेले दोघंही वर येतात आणि बॉक्समध्ये गर्दी उलट वाढते. पुढचा तिथंच ठेवा, बॉक्सच्या तोंडावरचा आत घ्या. दुसरा चेंडू, म्हणजे क्लिअर होऊन बाहेर पडलेला, जाईल हे मान्य करायचं, पहिला द्यायचा नाही.

आणि माणूस धरणाऱ्या पोरांना एकच बघायला लावा: चेंडू हवेत गेल्यावर नजर नुसती चेंडूवर जाते आणि आपला माणूस पाठीमागून सुटतो. अंग अर्धं वळवून उभं राहिलं की दोन्ही दिसतात. दहा मिनिटं असे कॉर्नर अडवायला लावा, मग त्याच दमलेल्या पोरांना पडद्यासमोर बसवून ११७ वं मिनिट लावा.