मदत हवी आहे: दुसऱ्याच्या बेसवर कॅरेक्टर विकतोय, नव्या पिढीकडे वळू की स्वतःचा बेस करू?

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी थ्रीडी कॅरेक्टर बनवून विकतो. एकटाच आहे, त्यामुळे स्कल्प्टिंग, त्वचेचं टेक्श्चर, जाहिरातीची चित्रं, ग्राहकांच्या मेलना उत्तरं हे सगळं माझ्याच गळ्यात. जवळजवळ सगळा माल डॅझ या कंपनीच्या जेनेसिस ८ या तयार मानवी मॉडेलवर आहे.

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. आम्ही अख्खं शरीर विकत नाही. मूळ मेश (शरीराच्या पृष्ठभागाची बिंदू-रेषांची जाळी) आणि तिला हलवणारा सांगाडा, म्हणजेच बेस, कंपनीचा, तो वाटायची मुभा नाही. आम्ही विकतो तो मॉर्फ, म्हणजे मेशमधला कुठला बिंदू किती सरकवायचा याचा हिशोब, आणि त्यावर चढवायची त्वचा. ग्राहकाकडे तो बेस असेल तरच माझा माल चालतो.

जेनेसिस ८ आला २०१७ साली, बाई आणि पुरुष वेगवेगळे. २०२२ मध्ये जेनेसिस ९ आला, त्यात दोघांना एकच मेश, डोळे आणि तोंड सुटे, यूव्हीसुद्धा (त्वचेचं चित्र मेशवर कुठे बसतं याचा नकाशा) निराळे. जुनी त्वचा त्यावर सरळ बसत नाही, जुने करेक्टिव्ह मॉर्फही (अवयव हलल्यावर बिघडणारा आकार सुधारणारे) पुन्हा घडवावे लागतात.

माझं सगळ्यात लाडकं कॅरेक्टर एक आजी आहे. तिच्या पापण्या ओघळलेल्या आहेत. डोळा मिटला की पापणीची सुरकुती बुबुळात घुसायची. मिटण्याच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा करेक्टिव्ह करून ते सुधारलं, त्यात तीन आठवडे गेले. कोपर पूर्ण वाकवल्यावर आतल्या बाजूला पडणारी सैल कातडीची घडीसुद्धा हाताने काढलेली आहे. महिन्याला वीसेक प्रती जायच्या.

मग एका मोठ्या विक्रेत्याने म्हाताऱ्या जोडप्याचं बंडल काढलं. केस, कपडे, पोझेस, सगळं त्यातच, आणि सुटीच्या सेलमध्ये किंमत माझ्या एकट्या आजीपेक्षा कमी. त्यांचं काम वाईट नाही, मी स्वतः विकत घेऊन पाहिलं. पण माझी आजी आता महिन्याला दोन-तीनवर आली आहे. मीही किंमत निम्मी करून पाहिली, खप तेवढाच राहिला आणि हातात आले निम्मे पैसे.

सगळा माल जेनेसिस ९ वर न्यायला माझं वर्ष जाईल, आणि तेवढ्यात पुढची पिढी आली तर? मोठ्या दुकानाशी एक्सक्लुझिव्ह करार केलेल्यांनी सांगा, पहिल्या आठवड्यानंतर माल मागे पडतो का? आणि स्वतःचा बेस, स्वतःचं रिग (हालचालीचा सांगाडा) करून कुणी तगलंय का? मला हेच मनापासून करावंसं वाटतं, पण त्या बेससाठी कपडे आणि केस बनवणारं कोणीच नसेल, ही धास्ती आहे.

जाणकारांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

किंमत अजिबात पाडू नका. ज्याच्याकडे शेकडो वस्तू आहेत तो एक तोट्यात देऊन दहांवर कमावतो, आपल्याला ते झेपत नाही. सगळा माल हलवू नका, फक्त आजी हलवा. तरुण सुंदर चेहऱ्यांचा बाजार ओसंडून वाहतोय, म्हातारी माणसं नीट करणारे फार थोडे. जाहिरातीच्या चित्रांत मिटलेला डोळा आणि वाकलेलं कोपर जवळून दाखवलंय का? मला तरी दिसलं नाही.

प्रतिसाद २

बेसचं म्हणाल तर मेकह्यूमन हे माणसांची मॉडेलं बनवायचं मोफत सॉफ्टवेअर बघा. त्यातून निर्यात केलेलं मॉडेल सीसी-झीरोखाली, म्हणजे हक्क सोडून दिलेल्या लायसन्सखाली येतं, त्यामुळे मेशसकट विकता येतं. फक्त इतरांनी बनवलेले कपडे-केस वापरलेत तर त्यांचं लायसन्स वेगळं तपासा. फॅब या थ्रीडी मालाच्या ऑनलाइन बाजारात दुकानाचा वाटा १२ टक्के आहे, बाकी तुमचे. गेम बनवणाऱ्यांना तयार रिग केलेलं संपूर्ण पात्र लागतं. डॅझच्या मालाला गेमसाठी वेगळं इंटरॲक्टिव्ह लायसन्स घ्यावं लागतं, त्यामुळे तो ग्राहक तुमच्यापर्यंत पोचतच नसणार.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मिटलेल्या डोळ्याचं चित्र खरंच नव्हतं. सगळी चित्रं उघड्या डोळ्यांची, हसऱ्या चेहऱ्याची, बाकी सगळे लावतात तशीच. काल रात्री पापणी मिटण्याचे पाच टप्पे रेंडर करून लावले.

गेमवाल्या ग्राहकाचा मी कधी विचारच केला नव्हता. मेकह्यूमनच्या मेशवर आजीचा चेहरा नव्याने स्कल्प्ट करायला घेतलाय. डोळ्याभोवती मेशचे लूप (रेषांची कडी) कमी पडताहेत, तिथे पापणीची घडी नीट उमटत नाही. लूप वाढवले तर रिगचं वेटिंग (सांगाड्याचं कुठलं हाड मेशचा कुठला भाग किती ओढतं याचा हिशोब) बिघडेल का? हे कुणी केलं असेल तर सांगा, मी त्याच टप्प्यावर अडकलोय.