मेरिट लिस्ट लागायची आहे आणि रोज कॉलेजांची पाकिटं येताहेत. टोकन भरावं का?

दारव्ह्याकडचा_बाप
नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, साडेचार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलीची यंदा बारावी सायन्स झाली, 84 टक्के. सीईटीला 91 पर्सेंटाइल. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यायचं आहे. कॅपचा, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीचा फॉर्म भरला, कागद तपासून झाले, आता लिस्टची वाट पाहणं सुरू आहे. केंद्र सरकारची बारावीच्या मार्कांवर वर्षाला 12 हजारांची शिष्यवृत्ती असते, तिच्याकडेही डोळे लागले आहेत.

पण निकाल लागल्यापासून घरी कॉलेजांची पाकिटं सुरू झाली. पोस्टमन आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायचा, आता रोज येतो आणि रस्त्यावरूनच ओरडतो, "ताईचं पत्र!" जाड गुळगुळीत कागद, वर तिचं नाव छापलेलं, आत हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोरी. बायकोनं सगळी फळीवर रचून ठेवली. काल मोजली, 23 निघाली.

त्यात पुण्याकडच्या एका विद्यापीठाचं पत्र आहे. "आपल्या पाल्याची 50 टक्के मेरिट स्कॉलरशिपसाठी निवड झाली आहे." सात दिवसांत 25 हजार टोकन भरा, नाहीतर जागा पुढच्याला. तिथली एक मॅडम रोज फोन करते. बोलते फार गोड, माझ्या बायकोला आई म्हणते. घरात बियाण्या-खताचे 30 हजार ठेवलेले आहेत. भरले तर पेरू काय? मुलगी म्हणते थांबू. तिचा मामा म्हणतो हातची जागा सोडू नका. तुम्ही काय केलं असतं?

वऱ्हाडी_ठेचा
भरू नोका भाऊ. शिष्यवृत्ती देनारा उलटा आपल्यालेच पैशे काऊन मांगून रायला? आन् निवड झाली म्हंते तं परीक्षा कवा घेतली त्यायनं?

दारव्ह्याकडचा_बाप
परीक्षा नाही घेतली. जानेवारीत कॉलेजात कोणीतरी फुकट मॉक टेस्ट घ्यायला आले होते, तेव्हा पोरांनी फोन नंबर आणि पत्ते लिहून दिले. तिथूनच गेलं असावं.

नेरचा_मास्तर
तिथूनच गेलं. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, असे "सेमिनार" दरवर्षी पाहतो.

आधी ते 50 टक्के पाहू. कशाचे 50 टक्के? फी विद्यापीठानंच ठरवायची आणि सूटही त्यानंच द्यायची, म्हणजे हा साडीच्या दुकानातला सेल झाला. वसतिगृह, मेस, बाकीचे आकार त्यात बहुतेक नसतात. दुसऱ्या वर्षी सूट टिकवायला किती गुण लागतात, हे मॅडमला लेखी विचारा. फोनवर नको, लेखी.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही ओबीसी असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल, तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकार पूर्ण भरतं. ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींसाठी हे आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात किंवा अभिमत, खासगी विद्यापीठात गेलात, तर ही फीमाफी मिळत नाही. पत्रातलं 50 टक्के घ्यायला जाल आणि सरकारचं 100 टक्के घालवून बसाल.

पत्रं आलेल्या कॉलेजांची नावं सीईटी सेलच्या, म्हणजे कॅप चालवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या यादीत शोधा. तिथल्या प्रत्येक कॉलेजाला कोड असतो, आपल्या अमरावती विभागाचा 01 नं सुरू होतो, नागपूरचा 04 नं. कोडच नसेल तर ते पाकीट चुलीजवळ ठेवा.

दारव्ह्याकडचा_बाप
सर, आम्ही कुणबी, म्हणजे ओबीसीच. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळाला आहे. मग ही फीमाफी आणि केंद्राचे 12 हजार, दोन्ही मिळून मेस निघेल का?

नेरचा_मास्तर
इथंच बहुतेक पालक चुकतात. केंद्राच्या त्या शिष्यवृत्तीला बोर्डात त्या शाखेच्या वरच्या 20 टक्क्यांत यावं लागतं आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागतं. 84 टक्क्यांना जमेल की नाही, हे यादी आल्यावरच कळेल. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणाऱ्याला ती चालत नाही. दोन्हींपैकी एकच. मग हिशेब सरळ आहे, फीमाफी मोठी. त्या 12 हजारांसाठी जीव टांगून ठेवू नका.

मेसचा खर्च सावित्रीबाई फुले आधार योजनेतून काढायचा. ओबीसी मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पैसे मिळतात, नागपूर-पुण्यात वर्षाला 60 हजार, अमरावतीसारख्या शहरात 51 हजार. जिल्ह्याला 600 च जागा आहेत, म्हणून अर्ज सुटल्याबरोबर भरा. पैसे मात्र वेळेवर येतील असं धरू नका. पहिले काही महिने घरूनच काढावे लागतात, विकास फीसुद्धा घरूनच.

अंजनगाव_सुर्जी
माझ्या भावाच्या वेळी आम्ही टोकन भरलं होतं, 20 हजार. नाव घेत नाही. भरताना म्हणाले ओरिजिनल टीसी आणि मार्कशीट "फक्त पाहायला" द्या. मग कॅपमध्ये चांगलं कॉलेज लागलं आणि इकडे टीसी अडकली. चार चकरा झाल्या, अमरावतीवरून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, दर वेळी बाबा डबा बांधून. शेवटी टीसी मिळाली, पैसे आठ महिन्यांनी, तेही अर्धे.

नंतर कळलं की यूजीसीचा नियम आपल्याच बाजूनं होता. ओरिजिनल कागद ठेवून घेता येत नाहीत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, थोडे प्रोसेसिंगचे कापून. त्यानंतर टप्प्याटप्प्यानं कमी, आणि तारखेनंतर महिना उलटला की शून्य. पण नियम खिशात असून काय, खिडकीवरचा माणूस म्हणतो साहेब जेवायला गेले.

कारंजेकर
सगळीच पाकिटं वाईट नसतात हो. माझी भाची अशाच एका पत्रावरून गेली, चांगली शिकते आहे, सूटही दरवर्षी मिळते. पण तिचे बाबा नोकरीत, उत्पन्न मर्यादेच्या वर, म्हणजे सरकारी फीमाफीचा प्रश्नच नव्हता. त्यांचं गणित वेगळं होतं. मामांना हे समजावून सांगा, ते तुमचं वाईट चिंतत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा
मामा असेच असते. माह्या मामानं मले डीएडले घातलं होतं.

दारव्ह्याकडचा_बाप
तीन दिवसांनी लिहितो आहे. मॅडमला व्हॉट्सॲपवर विचारलं, सूट चारही वर्षं राहील का, किती गुण लागतील, पैसे परत कधी. उत्तरात तेच रंगीत पत्रक पुन्हा आलं. आज फोन नाही. बायकोला जरा चुकल्यासारखं होतं आहे.

पैसे भरले नाहीत. काल सरकीच्या थैल्या आणल्या, पाऊस पडला की लावू. पसंतीक्रमात मुलीनं अमरावतीचं सरकारी वर ठेवलं आहे, मग यवतमाळचं सरकारी, मग शेगाव. मागच्या वर्षीचे कटऑफ ती रात्री मोबाइलवर पाहते आणि त्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर उतरवून ठेवते.

एक राहिलं. नॉन क्रिमिलेअरची पावतीच लावली आहे, दाखला अजून एसडीओ ऑफिसात. चालेल ना?

नेरचा_मास्तर
पावतीवर फॉर्म पुढे जातो, पण दिलेल्या तारखेपर्यंत दाखला चढवला नाही तर तिला खुल्या प्रवर्गात धरतील. जात पडताळणीचंही तसंच. व्हॅलिडिटी आली आहे का?

दारव्ह्याकडचा_बाप
व्हॅलिडिटी अकरावीतच काढली होती.

नेरचा_मास्तर
मग अर्धं काम झालं. उद्या दारव्ह्याला ऑफिस उघडायच्या आत जाऊन उभे राहा, पावतीची झेरॉक्स दोन घेऊन. ऑफिसातली इंटरनेटची लिंक सुरू असेल तर दुपारपर्यंत सही होते.