मशरूमने शुगर खरंच कमी होते का?

बिनसाखरेचा_चहा:
आईला टाइप २ डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. एका नातेवाइकांनी रेशी मशरूमच्या कॅप्सूल आणून दिल्यात आणि वर सांगून गेलेत की हळूहळू गोळ्या सुटतील. आई खूश, म्हणते नैसर्गिकच आहे ना. मला काही पटत नाहीये. साधे बटण मशरूम आम्ही अधूनमधून खातोच, त्याने तरी काही फरक पडतो का?

रात्रपाळी:
साधे मशरूम बिनधास्त खाऊ द्या. १०० ग्रॅम कच्च्या बटण मशरूममध्ये कार्ब्स जेमतेम ३ ग्रॅम, ९० टक्क्यांच्या वर तर पाणीच, शुगर वाढवायला त्यात आहे काय. मी भात निम्मा केला नि त्या जागी परतलेले मशरूम घ्यायला लागलो, जेवणानंतर दोन तासांनी मीटरवर फरक सरळ दिसतो.

खडूस_वाचक:
दिसणारच की हो, भात निम्मा केलात ना! 😀 श्रेय मशरूमला कशाला. पण उपयोग आहे तो हाच, ताटातली जागा भरते आणि पोटही भरतं. बीटा-ग्लुकन नावाच्या फायबरचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, पण ओट्समधला पाण्यात विरघळून चिकट होतो म्हणून साखर रक्तात सावकाश जाते, मशरूममधला वेगळ्या बांधणीचा आणि बराचसा न विरघळणारा, तेव्हा एकाचे गुण दुसऱ्याला चिकटवू नका. उंदरांवरचे रिझल्ट भारी आहेत, पण आपण उंदीर नाही. रेशीची तर माणसांवर ट्रायल झालीये, २०१६ साली छापून आली, ८४ जण, १६ आठवडे, डमी गोळीपेक्षा शुगरमध्ये काही फरक नाही.

गोळ्यांचा_हिशोब:
इथे मला काळजी कॅप्सूलपेक्षा ग्लिमेपिराइडची वाटते. ती गोळी स्वतःच शुगर खाली आणते, त्यात कोणी जेवण कमी केलं किंवा वेळ चुकवली की घाम, थरथर, चक्कर. म्हणून भात एकदम कमी करायचा असेल तरी आधी डॉक्टरांना सांगा, आणि कॅप्सूलची बाटली सोबत न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रेशी नकोच. आणि मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, आईंना हे मात्र बजावून सांगा.

बिनसाखरेचा_चहा:
बाटली लपवून ठेवलीये सध्या, सोमवारी डॉक्टरांकडे घेऊन जातो. आता खरा प्रॉब्लेम, आमच्याकडे मशरूम पाणी सोडून नुसते रबरासारखे होतात, आई तोंड वाकडं करते.

रात्रपाळी:
कढईत गर्दी करता तुम्ही. पॅन चांगलं तापू दे, थोडेच टाका, सुटलेलं पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवत बसू नका, कडा तपकिरी झाल्या की मग मीठ. पाकीटभर मशरूमचे शेवटी मूठभर होतात, तेव्हा आधीच जास्त घ्या. आणि क्रीम-कॉर्नफ्लोअर घातलेलं मशरूम सूप ह्यात धरायचं नाही हं 😛