मदत हवी आहे: टिकोलोच्या १४७ धावा गेल्या कुठे?

मंडळी, नमस्कार.

केनियाच्या क्रिकेटवर एक टिपण लिहायला घेतलंय आणि आकड्यांत पार अडकलोय. केनियाचा फलंदाज स्टीव्ह टिकोलो याची वनडेतली सर्वोच्च धावसंख्या सगळीकडे १११ दिसते. पण १९९७ साली क्वालालंपूरला आयसीसी ट्रॉफीच्या (म्हणजे विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात बांगलादेशविरुद्ध याच माणसाने १४७ ठोकल्या होत्या! सामना ५० षटकांचा, दोन्ही बाजूंना देशाचे अधिकृत संघ, स्पर्धा खुद्द आयसीसीची. मग या धावा वनडेत का धरत नाहीत?

ज्यांना तो सामना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. केनिया ७ बाद २४१. मग पाऊस. खेळ दुसऱ्या दिवशी गेला आणि बांगलादेशला २५ षटकांत १६६ चं लक्ष्य मिळालं. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, खालेद मशूदने मार्टिन सुजीला पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. चेंडू हसीबुल हुसेनच्या पॅडला लागला आणि दोघे जीव खाऊन पळाले. लेग बाय! दोन गडी राखून विजय. खरं तर १९९९ च्या विश्वचषकाचं तिकीट दोघांच्याही खिशात आधीच होतं, पण खेळले असे की जणू सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आधी वाटलं, खेळपट्टी कृत्रिम होती म्हणून असेल. मग वाटलं, केनियाला वनडेचा दर्जाच नव्हता. पण केनिया त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९६ ला, विश्वचषक खेळलेला आहे. पुण्यात वेस्ट इंडीजला ९३ वर गुंडाळलं, तो सामना वनडेत आहेच की.

याहून गोंधळ १९७९ चा. श्रीलंका आयसीसी ट्रॉफीची उपांत्य फेरी जिंकून विश्वचषकात आली, तिथे भारताला ४७ धावांनी हरवलं, आणि त्यानंतर वूस्टरला जाऊन कॅनडाविरुद्ध ट्रॉफीचा अंतिम सामना खेळली. एकाच महिन्यात, एकाच देशात. भारताविरुद्धचा सामना वनडे, कॅनडाविरुद्धचा नाही. आणि २०१८ च्या झिंबाब्वेतल्या पात्रता स्पर्धेत तर काही सामने वनडे आहेत आणि काही नुसते ‘लिस्ट ए’ (मर्यादित षटकांचे, पण वनडेचा दर्जा नसलेले). यामागे नेमका नियम काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १:
खेळपट्टीचा संबंध नाही. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत कोणीही उतरो, सामना वनडेच धरतात. म्हणून १९७५ च्या पूर्व आफ्रिकेचेही तिन्ही सामने वनडेत आहेत. आयसीसी ट्रॉफी ही तिथे पोचायची पायरी, तिला तो मान कधी दिलाच नाही. त्यामुळे टिकोलोचे १४७, झिंबाब्वेची १९८२, ८६ आणि ९० ची लागोपाठ तीन विजेतेपदं, १९९४ ला नैरोबीत अमिरातीने केनियाला हरवलेला अंतिम सामना, हे सगळं वनडेच्या हिशेबाबाहेर. न्याय झाला असं मला तरी वाटत नाही. पण असं आहे.

प्रतिसाद २:
२०१८ चं कोडं सोपं आहे. वनडेचा दर्जा संघाला असतो. नेदरलँड्सने तो २०१४ ला गमावला होता आणि नेपाळला तो त्याच स्पर्धेतल्या कामगिरीमुळे मिळाला. म्हणून त्या दोघांचे तिथले सामने फक्त लिस्ट ए. बाकीच्यांचे आपापसातले वनडे, अगदी अफगाणिस्तानने वेस्ट इंडीजला हरवलेला अंतिम सामनासुद्धा. २०२३ च्या पात्रता स्पर्धेत मात्र सरसकट सगळेच वनडे. विंडीजला घरी पाठवणारा स्कॉटलंडचा विजयही त्यात आला.
तुमच्या टिपणात दोन वेगळे रकाने करा, एक वनडेचा, एक आयसीसी ट्रॉफीचा. बेरीज करू नका, कोणीतरी चूक काढणारच.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. दोन रकाने करतो. आता त्यातूनच पुढचा प्रश्न: १९७९ च्या ट्रॉफीत केनिया नव्हता, पूर्व आफ्रिका होती. केनिया स्वतःच्या नावाने १९८२ पासून. मग पूर्व आफ्रिकेकडून खेळलेल्या केनियन खेळाडूंच्या धावा कुठे टाकू?

प्रतिसाद १:
खेळाडूच्या नावावर टाका, केनियाच्या नाही. त्या संघात युगांडा, टांझानिया आणि झांबियाचेही खेळाडू असत, ते उद्या हिस्सा मागायला येतील. :)