मदत हवी आहे: पेटीचा गंधार तानपुऱ्याशी जुळवायचा आहे

मी काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची (हार्मोनियमची) पहिली काळी पट्टी माझा सा; साथीला स्वतःच पेटी धरतो. तानपुरा लावून शुद्ध गंधार (ग), म्हणजे पांढरी चार, धरून ठेवली की सूर थरथरतो, स्थिर बसत नाही. भूप राग गाताना तर हे फारच टोचतं.

कारण माहीत आहे. पेटी समान अंतराच्या बारा स्वरांत लावलेली, तिचा गंधार सा पासून ४०० सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). तानपुऱ्याच्या तारांतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६. म्हणजे पेटीचा १४ सेंट चढा. (आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती, त्यामागच्या आक्षेपांत हाही होता.)

भाता हलका ठेवून पाहिला, फरक नगण्य. गंधार न वाजवता फक्त सा-प धरले, पण मग साथ रिकामी वाटते. ट्यूनर ॲपवर तपासलं, बाकी सूर जागेवर आहेत, रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) स्वच्छ आहेत.

रीडच्या बुडाशी खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो, एवढं ठाऊक आहे. हात अजून लावलेला नाही. अडचण अशी की याच पेटीवर माझी बहीण काळी पाचमध्ये गाते आणि तिथे पांढरी चार म्हणजे पंचम! तो १४ सेंट उतरला तर तिचं गाणंच बसणार नाही. दुसरी पेटी घेणं सध्या शक्य नाही.

पेटी दुहेरी रीडची आहे, म्हणजे प्रत्येक सुराला दोन ओळींत एकेक रीड. पांढरी चारचा एकाच ओळीतला रीड उतरवून, गाणाऱ्याप्रमाणे दुसरी ओळ बंद ठेवून वाजवणं कुणी केलंय का? आवाज फार बारीक होतो का?