कोपरात हाड वाढतंय, शेक द्यावा की नाही? (मदत हवी आहे)

पुतण्या 19 वर्षांचा, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत कुस्ती करतो. मध्यंतरी डावात कोपर निखळलं. बेळगावात भूल देऊन सांधा बसवला, प्लास्टरही झालं. ते काढल्यापासून हात ना धड सरळ होतोय, ना खांद्यापर्यंत येतोय. कोपराच्या पुढच्या बाजूला, जरा वर, टणक गाठ लागते. नव्या एक्स-रेत तिथं ढगाळ पांढरं दिसतंय. डॉक्टर म्हणाले मायोसायटिस ऑसिफिकन्स, स्नायूत हाड तयार होतंय. चोळू नका, शेकू नका.

घरात उलटंच चाललंय. दादा सकाळी कोमट तेलानं खसाखसा चोळून हात ओढतो, संध्याकाळी वहिनी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकतात. शेकल्यावर पोराला तासभर बरं वाटतं, मग माझं कोण ऐकणार! त्यात एका फिजिओनं डायथर्मी, म्हणजे मशीननं आतपर्यंत शेक, घ्यायला सांगितली.

शेकानं हाड खरंच वाढतं का? आणि सगळं बंद केलं तर हात आखडणार नाही का? ऑपरेशन लगेच करून टाकावं का?

निपाणीकर_फिजिओ:
काका, आधी चोळणं बंद करा. शेकापेक्षा ते जास्त घातक. कोपरासमोरचा ब्रेकियालिस स्नायू सांध्याला लागूनच असतो. सांधा निखळताना तो फाटतो, आत रक्त साकळतं आणि भरून येताना तिथल्या काही पेशी हाड बनवू लागतात. रोज रगडलं की रोज नवी जखम. भरलेली बादली धरायला लावून हात सरळ करतात ना आपल्याकडे, तेही नको.

नुसत्या शेकानं चांगल्या स्नायूत हाड उगवत नाही. पण ताज्या दुखापतीत उष्णतेनं रक्तप्रवाह आणि सूज वाढते, म्हणून गाठ दुखरी, गरम आहे तोवर मीठ-शेक, डायथर्मी, फिजिओकडचं शेकाचं अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे) काहीच नको. हात त्यानं स्वतः हलवावा, सोसवेल तेवढाच. दुसऱ्यानं ढकलायचं नाही.

सीमाभागकर:
ऑपरेशनची घाई नको. कच्चं हाड काढलं तर परत येऊ शकतं. ते पक्कं व्हायला साधारण 6 ते 12 महिने जातात आणि बऱ्याच जणांची गाठ तोवर आपोआप लहान होते. इंडोमेथासिन नावाची सूज-दुखीवरची गोळी देतात कधी कधी, पण पोट आणि किडनीला त्रास देऊ शकते, मेडिकलमधून परस्पर आणू नका. जुने एक्स-रे जपा. या गाठीत हाड कडेनं आधी पिकतं, मधे नंतर. हाडाच्या कॅन्सरची शंका दूर करायला डॉक्टर तेच बघतात. करंगळीत मुंग्या येतात का विचारा, तिथली नस कोपरापाशी दबू शकते.

मूळ लेखक:
दोघांचे आभार. दादाला वाचून दाखवलं, चोळणं थांबवतो म्हणाला, पण "वस्तादांस्नी तूच सांग." करंगळीचं विचारलं तर पोरगा म्हणतो रात्री बधिर होते, आधी बोललाच नव्हता. उद्या बेळगावला नेतोय, दोन्ही एक्स-रे घेऊन.